थंडीत मलूल पडलेली आणि गेलेली झाडं: खान्देशातल्या बागवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांत झाली की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. काळी पडलेली जास्वंद, नुसत्या काड्या उरलेला कढीपत्ता, मान टाकलेली पानवेल, आणि खाली एकच ओळ, "ताई, गेलं का हो हे?" जळगाव, धुळे, शिरपूर, शहादा, चाळीसगाव, सगळीकडून तेच. मी अमळनेरला राहते, मागे परस आहे आणि वर गच्चीवर कुंड्या, त्यामुळे हे सगळं माझ्याही घरी दरवर्षी होतं. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. आधीच एक सांगून ठेवते, थंडीने जेवढी झाडं मरतात त्यापेक्षा जास्त झाडं थंडीनंतरच्या महिन्यात आपल्या हाताने मरतात, पाणी घालून आणि कटर चालवून. म्हणून निदान प्रश्न २ आणि ६ तरी पूर्ण वाचा.

१. सगळी पानं गळाली. झाड मेलं का?

पानं गळाली म्हणजे मेलं असं अजिबात नाही, उलट ते बऱ्यापैकी चांगलं लक्षण आहे. पान गळायला देठाच्या बुडाशी झाडाला एक थर तयार करावा लागतो, तो तयार झाला की पान आपोआप सुटून पडतं, आणि हे काम जिवंत फांदीच करू शकते. फांदी एकदम मेली तर पानं गळत नाहीत, जागच्या जागी तपकिरी होऊन लटकत राहतात, ओढली तरी सहज निघत नाहीत. त्यामुळे खाली पानांचा सडा पडलाय आणि फांद्या मोकळ्या दिसतायत तर जीव आहे असं धरून चाला, आणि वाळलेली पानं फांदीला चिकटून आहेत तर ती फांदी तपासा. कशी तपासायची ते पुढच्या प्रश्नात.

२. जिवंत आहे का मेलं हे नेमकं बघायचं कसं?

नखाने. फांदीच्या शेंड्याजवळ साल हलकीच खरवडा, नखभर जागा पुरे. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं, भुसा निघाल्यासारखं असेल तर तेवढा भाग मेलाय. मग चार बोटं खाली या, परत खरवडा. असं करत करत जमिनीपर्यंत या. पुष्कळ वेळा वरचा हातभर भाग गेलेला असतो आणि खाली हिरवंगार निघतं. शेंड्याला एकदा खरवडून "गेलं" म्हणून मोकळे होणारे लोक मी खूप पाहिलेत, तसं करू नका, अगदी बुडापर्यंत या.

कढीपत्त्यासारख्या जुन्या झाडाची साल जाड असते, तिथे नखाऐवजी ब्लेडच्या टोकाने बघा. चाफा आणि अडेनियम यांना खरवडू नका, दाबून बघा. फांदी किंवा बुंधा बटाट्यासारखा घट्ट लागला तर ठीक, पिकलेल्या टोमॅटोसारखा दबला तर आत कूज आहे. कर्दळ, हळद, निशिगंध यांचं वरचं काहीच बघायचं नाही, बोटाने माती उकरून कंद चाचपायचा, कडक आहे तर पुढचं सगळं येणार.

३. आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? मग थंडीने झाड मरतंच कसं?

हा प्रश्न दर दुसरा माणूस विचारतो आणि रास्तच आहे, कारण आपण खान्देशाला उन्हाळ्यासाठी ओळखतो. पण आपण समुद्रापासून लांब, हवा कोरडी, त्यामुळे उत्तरेकडून वारे आले की सातपुडा ओलांडून थेट अंगावर येतात. लाट आली की धुळ्यात पारा ५-६ अंशांवर उतरतो, जळगावकडे ८-९. आणि आपल्या अंगणातली निम्मी झाडं उष्ण प्रदेशातली आहेत. केळी, पानवेल, मनीप्लांट, डिफेनबॅकिया, जास्वंद, यांना इजा व्हायला बर्फ लागतच नाही, १०-१२ अंशांच्या खाली काही रात्री सलग गेल्या की पेशींची आवरणं बिघडतात, आतलं पाणी पाझरतं, आणि दोन-तीन दिवसांनी पानांवर पाणी मुरल्यासारखे काळे डाग दिसायला लागतात. म्हणून लोक गोंधळतात, थंडी सोमवारी आणि डाग गुरुवारी.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. रात्री ८ अंश आणि दुपारी २८-३०. सकाळी माती गार असते, गार मुळं पाणी ओढत नाहीत, आणि वर कोरडं ऊन पानांतलं पाणी खेचून घेतं. माती ओली असून झाड मान टाकतं. आपल्याला वाटतं तहान लागलीय आणि आपण अजून पाणी घालतो, ते प्रश्न ६ मध्ये सांगते.

आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल त्या रात्री सगळ्यात जास्त फटका बसतो, कारण जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. ढगाळ रात्री तेवढं होत नाही. त्याच अंगणात भिंतीला लागून असलेली जास्वंद हिरवी आणि मधोमध उघड्यावरची काळी, असं दिसलं तर नवल नाही, भिंत दिवसभर तापते आणि रात्रभर ती ऊब सोडत राहते.

४. कोणती झाडं मेल्यासारखी दिसतात पण खरं तर झोपलेली असतात?

पांढरा चाफा, पारिजातक, शेवगा हे थंडी-कोरड्या दिवसांत पानं टाकतातच. अडेनियम पण टाकतं. हळदीची पानं पौष-माघात वाळून आडवी पडतात, तेव्हा तर ती काढायची वेळ. मे महिन्यात लाल चेंडूसारखं फुलणारी मे लिली हिवाळ्यात जमिनीवर दिसतच नाही, कळलावी पण तशीच. मोगरा पूर्ण पानं टाकत नाही पण निस्तेज होऊन बसतो, ती त्याची विश्रांती आहे, त्याशिवाय उन्हाळ्यात बहर नीट येत नाही. बोगनवेल पानं टाकते आणि मग फुलांनी भरते.

यांच्यातलं एकही झाड जानेवारीत उपटू नका. कुणी "मेलेलं" म्हणून फेकलेल्या चाफ्याच्या फांदीपासून माझ्याकडे आज दोन चाफे आहेत.

५. काळ्या फांद्या लगेच कापून टाकू का? बघवत नाहीत.

बघवत नाहीत हे खरं, पण थांबा. थंडी अजून संपलेली नसताना छाटलं की झाड कोवळे फुटवे काढतं आणि पुढच्या लाटेत ते फुटवे आधी जातात. वरच्या मेलेल्या काड्या खालच्या डोळ्यांना, म्हणजे जिथून फुटवा निघतो त्या गाठींना, थोडंफार पांघरूणच असतात, राहू द्या.

साधारण महाशिवरात्रीच्या सुमारास रात्रीचा गारठा ओसरतो, तेव्हा छाटा. त्याच्या फार पुढे पण जाऊ नका, कारण आपल्याकडे मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो आणि नुकताच फुटलेला पाला भाजतो. म्हणजे आपल्याला महाशिवरात्र ते होळी एवढेच दिवस मिळतात. पुण्या-नाशिकच्या व्हिडिओत जे वेळापत्रक सांगतात ते इथे तसंच्या तसं चालत नाही.

कापताना हिरवं लागेपर्यंत यायचं, जिवंत डोळ्याच्या अर्धा बोट वर तिरका काप. अंगठ्यापेक्षा जाड फांदी कापली तर जखमेवर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी लागू नये म्हणून मोरचूद-चुन्याचा लेप, लावा. घरच्यापुरतं १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना अर्धा लिटर पाण्यात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळं भिजवून मग एकत्र ढवळायचं. लोखंडी पातं मिनिटभर बुडवून काढा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. त्याच दिवशी वापरून संपवा.

एक अपवाद आहे. फांदी काळी पडून मऊ झालीय, वास येतोय, बोट लावलं की चिकट, तर तिथे वाट बघायची नाही, कूज खाली उतरते, त्याच दिवशी कापा. चाफा, अडेनियम, कोरफड यांच्यात हे जास्त होतं.

६. झाड सुकलंय म्हणून रोज पाणी घालतेय तरी सुधारत नाही. किती घालू?

बंद करा. आधी बंद करा, मग पुढचं वाचा.

सासूबाईंनी लावलेला एक मोगरा आमच्याकडे मोठ्या कुंडीत होता, चौदा वर्षांचा. एका कडक हिवाळ्यात त्याची पानं पिवळी होऊन गळायला लागली, मी घाबरले, आणि सकाळ-संध्याकाळ तांब्या-तांब्या पाणी घालायला लागले, वरची माती सुकलेली दिसली की अजून. फेब्रुवारीत एके दिवशी खोड धरून जरा हलवलं तर पूर्ण झाड अलगद वर आलं. मुळं हातात घेतली तर त्यांची साल भिजलेल्या शेंगेच्या टरफलासारखी निसटून बोटांत आली आणि आत नुसता दोरा राहिला. नाल्यासारखा वास. वरच्या फांद्या तेव्हाही नखाने खरवडल्या तर हिरव्या होत्या. म्हणजे थंडीने तो मोगरा मेलाच नव्हता, मी मारला. अजून वाईट वाटतं, म्हणून हा प्रश्न मी कधीच दोन ओळींत उरकत नाही.

झाडाला पानं नाहीत म्हणजे पाणी उडून जायची वाट नाही. माती गार आहे म्हणजे मुळं पाणी घेत नाहीत. मग तुम्ही घातलेलं पाणी जातं कुठे? कुंडीत बसून राहतं, मुळांना हवा मिळत नाही, बुरशी लागते. आणि आपली काळी माती तर पाणी धरून ठेवण्यात पटाईत, वरून तडे गेलेले असतात आणि चार बोटं खाली चिखल.

म्हणून वर बघून ठरवायचं नाही. बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर पाणी नको. कोरडं लागलं तर सकाळी दहाच्या पुढे, ऊन आल्यावर, खालून पाणी निथळेपर्यंत एकदा घाला आणि परत बोटाने बघेपर्यंत विसरून जा. शेतकऱ्याला "वाफसा" म्हटलं की लगेच कळतं, माती ओलसर पण मोकळी, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने ढकलला तर फुटतो, तेच कुंडीत हवं. कुंडीखालच्या ताटलीत साचलेलं पाणी फेकून द्या. पान नसलेल्या झाडाला जानेवारीत आठ-दहा दिवसांनी पाणी लागलं तरी ते पुष्कळ आहे.

७. ताकद यावी म्हणून युरिया किंवा डीएपी टाकू का?

नाही. आजारातून उठलेल्या माणसाला आपण आधी पेज देतो, तसंच आहे. मुळं काम करत नसताना खत टाकलं की क्षार मातीत साचतात आणि उरलेली मुळं पण करपतात. नवीन पालवी दोन-तीन इंच होऊ द्या, मग मूठ-दोन मूठ गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, त्यात थोडी निंबोळी पेंड. मूळकुजीची शंका असेल तर शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून द्या, पण त्याच आठवड्यात रासायनिक बुरशीनाशक ओतू नका, ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशीच आहे, ती पण मरेल.

८. तेच झाड शेजाऱ्यांकडे जमिनीत जगलं, माझ्याकडे गच्चीवर कुंडीत मेलं. असं का?

जमिनीतली मुळं खाली उबदार असतात, कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी गार हवा लागते. त्यात पातळ प्लास्टिकची कुंडी आणि गच्चीचा कोबा, रात्री दोन्ही गारठतात. छोटी कुंडी असेल तर अजूनच. पुढच्या वर्षी डिसेंबरपासून कुंड्या एकमेकींना चिकटवून, दक्षिण किंवा पश्चिमेच्या भिंतीशी, विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवा. बाकी तयारी प्रश्न १७ मध्ये आहे.

९. जास्वंद पूर्ण काळी पडली. येईल का परत?

देशी लाल जास्वंद बहुतेक वेळा येते. वरून गेली तरी बुडातून फुटते. मोठ्या रंगीत फुलांच्या संकरित जास्वंदी नाजूक असतात, त्यातल्या काही खरंच जातात. महाशिवरात्रीनंतर हिरव्या भागापर्यंत छाटा, पाणी बेताने, आणि नवीन पालवी आली की खालून उलटून बघत जा, मिलीबगचा पांढरा कापूस नेमका याच वेळी कोवळ्या शेंड्यात बसतो. दिसला तर कापसाच्या बोळ्याने पुसून काढा आणि साबणाच्या पाण्याने धुवा. हिरवी फांदी हाताशी असेल तर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सहा इंची दोन-तीन काड्या लावून ठेवा, मूळ झाड नाही आलं तरी वाण राहतो.

१०. कढीपत्ता पिवळा पडून उघडा झाला, काय कमी पडलं?

काही कमी पडलं नाही, थंडीत तो थांबतो. ताक ओतू नका, लोखंडाचे खिळे पुरू नका. फेब्रुवारीच्या शेवटी शेंडे खुडा, मार्चमध्ये फोडणीपुरता पाला येतो. मुख्य खोड खरंच गेलं असेल तरी आजूबाजूला मुळावरून पिल्लं येतात, त्यातलं एक ठणठणीत बघून ठेवा आणि पावसाळ्यात मुळासकट वेगळं करा.

११. दारातली तुळस गेली. घरात सगळे काळजी करतात.

हा फोन बहुतेक घरातल्या मोठ्यांचा असतो आणि आवाजात खरीच काळजी असते. मनाला लावून घेऊ नका. तुळस वर्षानुवर्षं राहणारी असली तरी चाफ्यासारखी दीर्घायुषी नाही, दोन-तीन वर्षांत खोड लाकडासारखं होतं आणि मग अशी एखादी थंडी तिला पुरते. शिवाय कार्तिकात लग्न लागतं तेव्हा ती मंजिऱ्यांनी लदलेली असते, सगळी शक्ती बियांत गेलेली, त्यावर लगेच पौषाचा गारठा.

खोड खालपर्यंत तपकिरी निघालं तर ती गेली. वाळलेल्या मंजिऱ्या तळहातावर चोळा, मोहरीपेक्षा बारीक काळपट बी निघेल, ते त्याच वृंदावनात वर भुरभुरवा, जरा ऊब आली की उगवतं. त्याच तुळशीची लेक त्याच जागी. आणि पुढे मंजिऱ्या वाळायच्या आत अर्ध्या खुडत जा.

१२. शेवंती आणि गुलाब थंडीतले, मग ते का वाळले?

शेवंती वाळली नाही, तिचं काम झालं. फुलं संपली की वरच्या काड्या वाळतात आणि बुडाशी मातीलगत छोटे हिरवे फुटवे येतात. काड्या दोन बोटं ठेवून कापा आणि फुटवे जपा, पुढच्या वर्षीची झाडं तीच आहेत, आणि त्यांचा खरा वैरी आपला मे महिना, तेव्हा सावलीत ठेवायचे.

गुलाबाला आपली थंडी मानवते. गुलाब हिवाळ्यात मेला तर थंडीला दोष देऊ नका, मुळं बघा, वाळवी बघा, आणि पाणी किती घालत होता ते आठवा. पानांवर पिठासारखं पांढरं असेल तर ती भुरी, तिचा इलाज वेगळा.

१३. थंडीचा डाग आणि रोगाचा डाग, ओळखू कसे?

थंडीचा डाग एकाच वेळी येतो आणि वाढत नाही. उघड्या बाजूच्या, वरच्या पानांवर जास्त, आडोशाच्या पानांवर कमी. आणि शेजारच्या वेगवेगळ्या जातींच्या झाडांवर सोबतच दिसतो. रोगाचा डाग एका झाडापासून सुरू होतो, रोज मोठा होतो, खालून वर किंवा आतून बाहेर पसरतो. फोनवर फोटो काढून ठेवा, चार दिवसांनी त्याच पानाचा परत काढा, शंका उरणार नाही.

पिवळ्या पानांचा एक वेगळा प्रकार आहे. इक्झोरा, लिंबू, जास्वंद यांची नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर ते थंडीचं नाही, लोहाची कमतरता. आपल्या काळ्या मातीत चुना जास्त आणि बोअरचं पाणी जड, त्यामुळे लोह मातीत असून झाडाला मिळत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावरच्या मापाने पानांवर फवारा. जुनी, खालची पानं पूर्ण पिवळी पडत असतील तर मात्र गार मुळांनी नत्र घेणं थांबवलंय, ऊब आली की सुधारतं, त्याला फवारणी नको.

१४. परसातल्या केळीचा घड अर्धाच बाहेर आला आणि अडकला.

रावेर-यावलच्या माणसाला हे सांगायला नको, तिथे थंडीत ही दरवर्षीची डोकेदुखी. थंडीत केळीची वाढ थांबते, पानांचे देठ जवळ जवळ येतात, गळा आवळतो आणि घड तिथेच अडकतो किंवा पोंग्यातून (मधल्या गुंडाळलेल्या पानांतून) न येता बाजूने फाडून निघतो. परसात एक-दोन झाडं असतील तर अडकलेल्या घडाची फार आशा धरू नका, फळ बारीक राहतं, पण झाड गेलं असं नाही. बुडातली पिल्लं बघा, तलवारीसारख्या अरुंद पानांचं एक जोमदार ठेवा, बाकी काढा. पिवळी-काळी झालेली पानं कापा पण निम्म्याहून जास्त हिरवं असलेलं पान राहू द्या. जमिनीवर केळीचाच वाळलेला पाला पसरा.

पपईचं वेगळं आहे. शेंडा काळा पडून खोड वरून मऊ झालं तर पोकळ खोडात पाणी जाऊन कूज उतरते. मऊ भाग कापून वर प्लास्टिक बांधून झाड वाचवता येतं, पण खरं सांगते, पावसाळ्यात नवीन रोप लावणं बरं.

१५. गुलाबाला, आंब्याला बुडातून जोरदार फुटवा आलाय, पण पानं वेगळीच दिसतात.

इथे आनंदात फसायला होतं. कलमी झाडाचा वरचा भाग थंडीने किंवा कशानेही गेला की खालचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधलेलं असतं ते मूळ रोप, फुटतो. तो फुटवा कितीही जोमदार असला तरी ते तुमचं झाड नाही, रायवळ आंबा किंवा रानगुलाब आहे. कलमाचा सांधा शोधा, खोडावर गाठ किंवा वाकडेपणा दिसतो. फुटवा सांध्याच्या वर असेल तर जपा. खाली असेल तर उगमापासून तोडून काढा, नुसता वरून कापू नका, दुप्पट येतो. सांध्याच्या वर काहीच हिरवं उरलं नसेल तर कलम गेलं. आंब्याचा, चिकूचा खुंट मात्र टाकून देऊ नका, ओळखीचा माळी असेल तर पावसाळ्यात त्यावर परत कलम बांधता येतं.

जास्वंद, मोगरा, तगर घरी काडीने लावलेले असतील तर हा प्रश्नच येत नाही, बुडातून आलेलं पण तेच झाड. कुंडीतलं अडेनियम बऱ्याचदा कलमी असतं, ते तपासा.

१६. पालवी आली, सगळे खुश झाले, आणि पंधरा दिवसांत ती पण सुकली. असं कसं?

खोडात साठवलेल्या अन्नावर डोळे फुटतात, मुळं नसली तरी. तोडलेल्या शेवग्याच्या ओंडक्याला अंगणात पडल्या पडल्या पालवी येते, बघितलं असेल. साठा संपला की पालवी मान टाकते. म्हणजे वर जीव होता, खाली नव्हता.

खोड हलकेच हलवा. डुगडुगलं तर झाड कुंडीतून काढा, काळी, वासाची मुळं कापा, पांढरी-पिवळसर घट्ट मुळं ठेवा. आधीपेक्षा लहान कुंडी घ्या, मोठी नको, कारण थोड्या मुळांना जास्त ओली माती म्हणजे परत तेच. वाळू आणि कोकोपीट मिसळलेली मोकळी माती, वरच्या फांद्या अर्ध्या कमी, सावलीत ठेवा, आणि वरून पारदर्शक पिशवी सैल बांधा, म्हणजे पानांतलं पाणी उडत नाही. मुळं अजिबातच नसतील तर हिरव्या फांद्यांच्या काड्या करून लावा, झाड तेवढ्यानेच वाचेल.

कुजलेल्या झाडाची माती लगेच दुसऱ्या झाडाला वापरू नका. ओलसर करून काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि मे महिनाभर गच्चीवर उन्हात ठेवा. आपल्याकडे पारा ४५ ला जातो, बुरशी टिकत नाही. उन्हाचा हा एक तरी उपयोग करून घ्यावा.

१७. पुढच्या थंडीत हे होऊ नये म्हणून काय करू?

दिवाळीनंतर नत्राचं खत आणि जोरदार छाटणी बंद, कोवळी वाढ थंडीत आधी जाते. मुळाशी बोट-दीड बोट जाडीचं आच्छादन, सोयाबीनचं कुटार, उसाचं पाचट, वाळका पाला, जे मिळेल ते, खोडाला मात्र चिकटवू नका. नाजूक झाडांवर रात्री गोणपाट किंवा जुनी साडी टाका आणि सकाळी काढा. प्लास्टिक टाकायचं तर पानांना टेकणार नाही असं काड्यांवर, टेकलं तर तिथेच पान जळतं. उत्तरेकडून तुराट्यांचा किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांचा कूड उभा केला तर वारा अडतो.

आता पाण्याचं, कारण लोक विचारतात की तुम्ही कमी पाणी सांगता आणि शेतकरी तर थंडीत मुद्दाम पाणी देतात. दोन्ही बरोबर आहे. ओली जमीन दिवसभराची ऊब जास्त साठवते, आणि बोअरचं-विहिरीचं पाणी पहाटे कोमटच लागतं, म्हणून लाट येणार असेल तर जमिनीतल्या, पानं असलेल्या झाडांना रात्री किंवा पहाटे हलकं पाणी देतात. कुंडीला आणि पानं गळालेल्या झाडाला हे लागू नाही, तिथे प्रश्न ६.

पहाटे धूर करणं बागेत, केळीत उपयोगी पडतं. घराच्या अंगणात त्याचा फार फायदा नाही, आणि झाडाच्या बुडाशी शेकोटी तर नकोच.

१८. आम्ही तोरणमाळ-मोलगीकडचे, इथे सकाळी दव गोठून पांढरं होतं. आमच्यासाठी वेगळं काय?

सातपुड्यातलं तोरणमाळ हजार मीटरच्या वर, डाब-मोलगीकडेही तसाच गारठा, तिथे सपाटीचे नियम पूर्ण चालत नाहीत. गोठलेल्या पानांना हात लावू नका, झटकू नका, ऊन येऊन हळूहळू वितळू द्या. दुपारपर्यंत पानं उकडल्यासारखी होऊन काळी पडतील. नखाची परीक्षा लगेच न करता तीन-चार आठवड्यांनी करा, मेलेला भाग तेव्हाच नीट वेगळा कळतो. छाटणी पण आमच्यापेक्षा पंधरा दिवस उशिरा. खोलगट जागी गार हवा साचते, म्हणून केळी, पपई, पानवेल उतारावर किंवा घराच्या भिंतीशी लावा.

१९. घरात आणून ठेवलेली झाडं बाहेर कधी काढू?

रात्री तुम्हाला गोधडी नको वाटायला लागली की. पण एकदम उन्हात नको, मनीप्लांट, डिफेनबॅकिया, पानवेल यांची पानं एका दुपारीत पांढरी भाजतात. आठवडाभर व्हरांडा, मग सकाळचं ऊन, आणि मार्चच्या मध्यापासून शेडनेट. पानवेल नुसती देठावर उरली असेल तरी पेर हिरवं आहे का बघा, पेरातून फुटते.

२०. मग आशा सोडायची कधी? आणि नवीन झाड कधी लावू?

झुडपं, म्हणजे जास्वंद, मोगरा, तगर, कढीपत्ता यांच्यासाठी गुढीपाडव्यापर्यंत थांबा. तोवर बुडापर्यंत हिरवं नाही आणि मुळं पण कुजलेली, तर काढा. नवीन मात्र एप्रिल-मेमध्ये लावू नका, नर्सरीत कितीही छान दिसलं तरी, आपल्या लूमध्ये नवीन रोप टिकवणं म्हणजे दिवसभर त्याच्यामागे उभं राहणं. खड्डा उन्हात तापू द्या, शेणखत घालून ठेवा आणि मृगाचा पाऊस नीट झाला की लावा.

कंदांची झाडं, कर्दळ, हळद, मे लिली, कळलावी, यांना पहिल्या पावसापर्यंत वेळ द्या. त्यांना वळवाचा एखादा शिडकावा लागतो, आणि मग जिथे महिनोन्महिने काहीच नव्हतं तिथे एका रात्रीत कोंब वर आलेला असतो. तोवर त्या जागी कुदळ पडू नये म्हणून एक काडी रोवून ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.